आघातोत्तर तणाव विकृती
जीवावर बेतलेल्या प्रसंगानंतर उद्भवणारा मानसिक आजार. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने 1980 मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले. मराठवाड्याने असा आघात अनुभवला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारी भूकंपात. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपेत असताना दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली.

घरच्यांना हा आजार ओळखू येतो तो वागण्यातल्या बदलावरून. माणूस झोपेतून ओरडत उठतो, भांडे पडले तरी दचकतो, छताखाली निजायचे टाळतो, त्या दिवसाचा विषय निघताच उठून जातो, पोराबाळांतही अलिप्त राहतो. काहीजण दारू जवळ करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत असे होणे स्वाभाविक असते. महिन्यानंतरही त्रास टिकून कामधंदा अडला, तर तपासणी हवी. ‘बाहेरचे’ म्हणून अंगारेधुपारे करण्यात मोलाचा वेळ जातो. घडलेले सांगण्याची बळजबरीही करू नये.

आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन उपचार आणि नेत्रचलनावर आधारित ‘ईएमडीआर’ हे प्रमुख उपचार होत. गरजेनुसार सर्ट्रालिनसारखी औषधे देतात. ती मनाने बंद करू नयेत. फुलंब्रीसारख्या जवळच्या गावांतील रुग्णांना छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. रुग्ण आत्महत्येचे बोलू लागला, तर त्याला एकटे न सोडता तातडीने रुग्णालय गाठावे. ‘टेलीमानस’ची 14416 ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते, तिथे मराठीत बोलता येते आणि नातेवाइकांनाही सल्ला मिळतो.