शीळफाटा आणि त्याच्या वाटांवरची जुनी ठिकाणे

शीळफाटा हा ठाणे जिल्ह्यातील रस्त्यांचा मोठा चौफुला. पारसिक डोंगराच्या पूर्व पायथ्याशी, शीळ गावाच्या वेशीवर तो आहे. मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणहून येणारा कल्याण-शीळ रस्ता आणि डोंगर ओलांडून महापे येथे नवी मुंबईत उतरणारा रस्ता इथे एकत्र येतात. फाटा आणि शीळ गाव ठाणे महापालिकेत मोडतात. काटई-निळज्यापासून पुढे कल्याण-डोंबिवली महापालिका सुरू होते, तर दक्षिणेकडची दहिसर परिसरातील चौदा गावे २०२४ मध्ये नवी मुंबई महापालिकेला जोडली गेली. तीन महापालिकांच्या शिवा इतक्या जवळ येणारी जागा जिल्ह्यात विरळाच.

बहुतेकांना शीळफाटा माहीत असतो तो वाहतूक कोंडीमुळे. डोंबिवलीहून नवी मुंबईला कामावर जाणारा माणूस रोज इथूनच जातो, आणि गाडी कधी पुढे सरकेल याच विवंचनेत असतो. खुद्द फाट्यावर मुद्दाम थांबून पाहावे असे जुने काही नाही, हे खरे. मात्र इथून निघणाऱ्या वाटांवर तास-दीड तासाच्या टप्प्यात शिलाहारांचे देवालय, शिवकालीन किल्ला, पेशवाईतला वाडा, एकोणिसाव्या शतकातले वाचनालय आणि एका जगप्रसिद्ध शिल्पकाराची कार्यशाळा आहे. पर्यटनाच्या पुस्तकांत ही ठिकाणे सुटी सुटी येतात. फाटा मध्यभागी धरून ती पाहिली, तर हा सगळा पट्टा एका जुन्या बंदराचा आणि त्याच्या पाठीशी असलेल्या गावांचा मुलूख होता हे ध्यानात येते.

फाट्याचे महत्त्व रस्त्याने घडवले आणि रस्त्यानेच काही काळ कमीही केले. वाशीचा ठाणे खाडीवरील पूल १९७३ मध्ये खुला होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी मोटार ठाणे, मुंब्रा, शीळ आणि पनवेल अशीच जात असे. पूल झाल्यावर पुण्याची वाहतूक वाशीच्या बाजूला सरकली. पुढे महाप्याची औद्योगिक वसाहत भरभराटीला आली, कल्याण-डोंबिवलीची वस्ती वाढली, आणि फाटा पुन्हा गजबजला, या वेळी लांबच्या प्रवाशांपेक्षा रोजच्या चाकरमान्यांनी. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्यालाच जमिनीवर येतो. त्यातले सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून जातात. घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला. पारसिकचा डोंगर पोखरण्याचे काम इथल्या लोकांना नवे नाही. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, डोंगरातले बोगदे ओलांडून ती कल्याणला पोहोचली. जलद गाड्यांसाठीचा सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा १९१६ चा आहे आणि आजही त्यातून गाड्या जातात.

फाट्यावरून कल्याणकडे वळले की पडले आणि देसाई ही गावे मागे पडतात आणि खिडकाळी येते. रस्त्यालगतच्या तळ्याकाठी खिडकाळेश्वराचे जुने शिवमंदिर आहे. ते पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी आख्यायिका पंचक्रोशीत सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मंदिराचे जुनेपण आणि तळ्याची जागा पाहण्यासारखी आहे. आजूबाजूच्या आगरी गावांचे हे श्रद्धास्थान. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे रीघ लागते. एरवी आडवारी सकाळी गेल्यास, शंभर पावलांवर सहापदरी रस्ता आहे हे विसरायला होते.

त्यानंतरचा टप्पा नव्या घरांचा. काटई-निळजे-खोणी भागात भातखाचरांच्या जागी पलावासारखी टोलेजंग वसाहत उभी राहिली, मॉल आला, सुट्टीच्या दिवशी करमणुकीसाठी डोंबिवलीची तरुण मंडळी तिकडे वळू लागली. याच भागातली २७ गावे २००२ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेतून वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. मधल्या काळात इथे महापालिका नव्हती, आणि त्याचे परिणाम रस्त्यांवर व गटारांवर अजून दिसतात.

घरांविषयी लिहिताना एक नोंद टाळता येत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली, काम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्यांत मजूर होते, त्यांची मुले होती, स्वस्त घर मिळाले म्हणून अपुऱ्या इमारतीत राहायला आलेली कुटुंबे होती. शीळफाट्याच्या माहितीत मंदिर आणि किल्ला येत असेल, तर ही तारीखही आलीच पाहिजे.

काटई नाक्यावरून एक रस्ता जलवाहिनीच्या कडेने नेवाळी नाका गाठून अंबरनाथ-बदलापूरकडे जातो. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानतळासाठी शेतजमिनी घेतल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये मोठे आंदोलन केले, आणि त्यामुळे ही जुनी धावपट्टी राज्यभर माहीत झाली. इथूनच मलंगगडाची वाट फुटते.

अंबरनाथचे शिवमंदिर हा या साऱ्या परिसराचा मुकुटमणी आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकी सारे सोडून आधी तेच पाहावे. वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात बांधलेले हे देवालय कोकणच्या शिलाहार राजांचे. छित्तराजाच्या काळात काम सुरू झाले आणि मम्वाणीच्या काळात पुरे झाले. मंदिरातील शिलालेखात शक ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे. मंडपातून गाभाऱ्यात जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. खाली गारवा असतो, आणि शिखर पूर्ण नसल्याने वरून उजेड थेट पिंडीवर पडतो. बाहेरच्या भिंतींवर एक हातभरही जागा मोकळी ठेवलेली नाही. मुंबईच्या कलाशाळेने १८६८ च्या सुमारास इथली रेखाटने आणि साचे करून घेतले, म्हणजे आधुनिक काळात अभ्यासकांनी बारकाईने पाहिलेल्या पहिल्या काही भारतीय मंदिरांत हे मोडते. आज ते पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे आणि रोजच्या पूजेतही आहे. शिल्पे नीट पाहायची असतील तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. तिरक्या उन्हात दगडातले कोरीव काम उठून दिसते.

सरळ कल्याणची वाट धरली तर मानपाडा, टाटा नाका आणि मग पत्री पूल. रेल्वेवरचा जुना पत्री पूल १९१४ चा. तो धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरवला गेला, आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे कल्याणकरांनी जे हाल सोसले, त्यावरून एका पुलावाचून गावाचे किती अडते ते कळले. नाव मात्र लोकांनी जुनेच ठेवले.

कल्याण हे शीळफाट्याहून फार फार जुने. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्लिएना नावाने त्याचा उल्लेख येतो आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतले आणि खाडीकाठच्या टेकडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला. मराठ्यांच्या गलबतांची बांधणी याच खाडीच्या काठी सुरू झाली. त्या स्मृतीला धरून नौदलाची निवृत्त ‘टी-८०’ ही नौका अलीकडे दुर्गाडीजवळ स्मारकासाठी आणली गेली. किल्ल्याचे बुरूज थोडेच उरले आहेत, पण वर गेल्यावर खाडीचे वळण दिसते आणि ही जागा का निवडली ते समजते.

जुन्या घरांचा शोध घेणाऱ्याने किल्ल्यावरून उतरून जुन्या गावात यावे. पारनाका, गांधी चौक, टिळक चौक या भागात वाड्यांचे कल्याण होते. त्यांतला सर्वांत नावाजलेला सुभेदारवाडा. पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांचा हा वाडा. तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या १७५६ च्या मोहिमेत हेच रामजी महादेव होते. पुढे वाड्याच्या आवारात शाळा भरू लागली, आणि १८९५ मध्ये सुरू झालेला सुभेदारवाड्याचा सार्वजनिक गणेशोत्सव आजही गावाचा मानाचा उत्सव आहे. सरदाराच्या घरात मुलांनी पाढे म्हणावेत, हे या वाड्याचे भाग्यच. ज्या वाड्यांना असा दुसरा उपयोग सापडला नाही, तिथे आज बहुमजली इमारती आहेत.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, सदाशिव मोरेश्वर साठे यांच्या पुढाकारातून निघालेले. वाचनालय स्थापन झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी कुटुंबात यमुना जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न कल्याणच्या टपाल कचेरीतील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. औषधोपचाराविना मूल गमावलेली ही मुलगी १८८३ मध्ये अमेरिकेला गेली, मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथील दफनभूमीत आहेत, नावाचा दगडही आहे. २०१९ च्या ‘आनंदी गोपाळ’ चित्रपटानंतर कल्याणला तिचे घर विचारत येणाऱ्यांची तिच्या माहेरगावाने दखल घ्यायला हवी. निदान एक ठळक, वाचता येईल अशी पाटी तिच्या गावच्या चौकात असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

परतताना डोंबिवली. फडके रोडवरचे गणेश मंदिर १९२४ चे. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ मध्ये इथूनच सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. दिवाळीच्या पहाटे हाच रस्ता नटूनथटून आलेल्या तरुणाईने फुलतो. शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे यांचे हे गाव. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा (१९६१) घडवणारे सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६-२०२१) यांचे ‘शिल्पालय’ही डोंबिवलीतच आहे. एका कलावंताच्या कामाच्या जागेत त्याची शिल्पे अगदी हाताच्या अंतरावरून पाहायला मिळणे महाराष्ट्रात दुर्मिळ, आणि तरीही शेजारच्या गल्लीतल्यांना ते ठाऊक नसते.

जुने जपण्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या वाळवंटातील लास वेगस या करमणुकीच्या शहराशी तुलना इथे उपयोगी पडते. ते शहर रेल्वेने १९०५ मध्ये जमिनींचा लिलाव केला तेव्हा वसले. जुनी हॉटेले स्फोटके लावून पाडण्यासाठी ते प्रसिद्ध. पण त्याच शहराने उतरवलेल्या निऑन पाट्या जमवून १९९६ पासून संग्रहालय उभे केले, आणि वास्तुविशारद पॉल विल्यम्स यांनी १९६१ मध्ये रचलेल्या ‘ला काँचा’ मोटेलचा शिंपल्याच्या आकाराचा दर्शनी भाग तुकडे करून हलवला, पुन्हा जोडला आणि संग्रहालयाचे प्रवेशद्वार केला. १९६१ ची इमारत तिथे वारसा ठरते. त्याच वर्षीच्या पुतळ्याच्या शिल्पकाराचे शिल्पालय डोंबिवलीत आहे, आणि १०६० चे मंदिर काटईच्या वाटेवर आहे. शीळफाट्याच्या चारही रस्त्यांवर गावांची नावे आणि अंतरे लिहिलेल्या हिरव्या कमानी आहेत. त्यांवर खिडकाळेश्वर, दुर्गाडी आणि अंबरनाथ मंदिर यांच्यासाठी तपकिरी दिशाफलक लागले, तर खर्च फारसा येणार नाही.

प्रवासाचे सांगायचे तर, एका दिवसात सगळे होत नाही. खिडकाळी आणि अंबरनाथ एका सकाळी, कल्याणचे जुने गाव आणि दुर्गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, अशी विभागणी सोयीची. दिवा-पनवेल लोहमार्गावरचे निळजे स्थानक आणि कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ ही उपनगरी स्थानके जवळची आहेत. कल्याण-तळोजा मेट्रोचे काम सुरू असल्याने कल्याण-शीळ रस्त्यावर जागोजागी वळणे आहेत, तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर हा रस्ता टाळावा. महाशिवरात्रीला खिडकाळी आणि अंबरनाथ दोन्हीकडे जत्रा असते. त्या दिवशी गाडी दूर लावून चालत जावे लागते.