दख्खनी तट्टाची पाठ आणि मराठ्यांचे खोगीर

नागपुराहून छिंदवाड्यास जाणारा रस्ता सावनेर मागे टाकून जाम नदीकाठच्या लोधीखेड्यास येतो, तेथून सौसर आणि रामाकोना ही गावे घेतो आणि सिलेवानीचा घाट चढून सातपुड्याच्या माथ्यावर जातो. देवगडचे गोंड राज्य 1743 च्या सुमारास रघुजी भोसल्यांच्या अंमलाखाली आले तेव्हापासून 1854 मध्ये कंपनी सरकारने नागपूरची दौलत खालसा करीपर्यंत, शंभरांहून अधिक वर्षे, या मुलखातील कारभार, टपाल, वसूल आणि फौजेची हालचाल मुख्यतः घोड्याच्या पाठीवरून झाली. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले लोधीखेडे, कोष्ट्यांच्या मागांचे सौसर आणि पांढुर्णे ही घाटाखालची मराठी बोलणारी गावे त्या वाहतुकीच्या वाटांवरच वसलेली होती. या वाटांनी गेलेल्या सरदारांची नावे आणि त्यांच्या मोहिमांची वर्णने इतिहासकारांनी परिश्रमपूर्वक जमविली. परंतु ज्या पाठीवर बसून ते गेले ती पाठ शाबूत राहावी म्हणून ज्यांनी नमदे कुटले, लोकर भरली आणि तंग शिवले, त्या कारागिरांच्या विद्येचा विचार फारसा कोणी केला नाही. तो करणे अगत्याचे आहे, कारण मराठी फौजेचा जो वेग शत्रूंनाही विस्मयकारक वाटे, त्याचे एक कारण मला या विद्येत दिसते.

मराठ्यांच्या स्वारीचा घोडा म्हणजे प्रामुख्याने दख्खनी तट्टू. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्याची ख्याती सर्वांत मोठी. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही त्याचा गौरव केला आहे. कोकणच्या बंदरांतून येणाऱ्या अरबी घोड्यांचे रक्त या जातीत पिढ्यान्‌पिढ्या मिसळत गेले, तरी तिचा मूळ बांधा पालटला नाही: उंची बेताची, खूर टणक, छाती भरदार, फासळ्यांचा घेर गोल, पाठ आखूड व रुंद, आणि मानेमागे खांद्यावर जो उंचवटा असतो तो इतर मोठ्या घोड्यांच्या मानाने ठेंगणा. कोरड्या गवतावर व मूठभर हरभऱ्यावर दिवसभर चालणारे हे जनावर डोंगराळ मुलखात अरबी घोड्यापेक्षा अधिक उपयोगी पडे, हे मराठी सेनानायकांनी अनुभवाने ओळखले होते.

परंतु याच बांध्यामुळे त्यावर जीन घालणे कठीण होते. उंच खांद्याच्या घोड्यावर लाकडी सांगाड्याचे जीन त्या उंचवट्याच्या आधाराने जागच्या जागी राहते. रुंद व सपाट पाठीवर तसा आधार नसल्यामुळे ते डावीउजवीकडे फिरते, उतारावर पुढे सरकते आणि चढावर मागे जाते. सांगाड्याची कमान अरुंद असली तर तिचे दोन्ही पाय खांद्याच्या फऱ्याला चिमटा घेतात, आणि पुढचा पाय टाकताना फऱ्याला मागे सरकण्यास वाव न मिळाल्याने घोडा पाऊल आखडून टाकू लागतो. स्वाराला वाटते जनावर अडेल आहे. वस्तुतः ते दुखावलेले असते. याउलट कमान नको तितकी रुंद असली तर जीन खाली बसून कण्यावर टेकते, आणि कण्याला मुळीच भार सोसत नाही. पाठ आखूड असल्याने जीन लांब असले की त्याचा मागचा भाग शेवटच्या फासळीच्या पलीकडे, जेथे खालून कसलाच टेका नाही अशा कमरेवर, जाऊन पडतो. या सर्व दोषांवर अजाण माणूस एकच उपाय करतो, तो म्हणजे तंग अधिक आवळणे. आणि त्याने घोड्याचा श्वास कोंडतो, कातडी सोलली जाते, पण जीन फिरावयाचे ते फिरतेच.

मराठी खोगीर या अडचणीतून घडले. त्याचा मुख्य भाग ताठ सांगाड्याचा नसून भरावाचा असे: जाड कापड किंवा नमदा, त्यात मेंढीची लोकर, कापूस अथवा चिंध्या, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंस दोन भरीव गाद्या अशा बेताने शिवलेल्या की मध्ये कण्यावर मोकळी वाट राहावी आणि स्वाराचा भार फासळ्यांवरील मांसल भागावर पसरावा. रुंद पाठीला चापून बसणारी ही गादी गरजेप्रमाणे उसवून पुन्हा भरता येई, आणि तिचा खरा गुण हाच. खोगिराखाली घाम टिपणारे कापड, छातीवरून पेशबंद, शेपटीखालून दुमची, पोटाखालून तंग, असा सारा सरंजाम मिळून ठेंगण्या खांद्याची उणीव भरून काढीत असे. पेशबंद चढावर खोगीर मागे जाऊ देत नसे, दुमची उतारावर ते पुढे येऊ देत नसे, आणि म्हणून तंग बेतानेच आवळून भागे. सिलेवानीसारख्या घाटात दुमचीवाचून तट्टू उतरविणे म्हणजे स्वारासकट खोगीर त्याच्या मानेवर आणणेच होय.

शिवकालीन लष्कराची व्यवस्था पाहिली म्हणजे या गोष्टीकडे राज्यकर्त्यांचे किती लक्ष होते ते समजते. सभासदाने 1694 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत सांगितले आहे की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात फौजेने आपल्या मुलखात छावणीस यावे, तेथे दाणा, औषधे व घोड्यांसाठी शाकारलेली घरे आधीच सिद्ध असावीत, आणि दसरा होताच तिने पुन्हा बाहेर पडावे, असाही दंडक त्यात नोंदला आहे. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले प्रसिद्ध पत्र याच चिंतेचे आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आरंभीच उधळली तर पुढे घोडी मरतील आणि ती हत्या तुम्हांस लागेल, असा त्याचा आशय. मुलूखगिरीत आठ महिने झिजलेली पाठ पावसाळ्याच्या चार महिन्यांत भरून येते; कातडीखाली मांस चढते, फासळ्यांचा घेर वाढतो, आणि ज्येष्ठात काढून ठेवलेले खोगीर आश्विनात त्याच घोड्याला नीट बसत नाही. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणाऱ्या शिलेदाराला मोहिमेपूर्वी सरकारातून जी नालबंदीची आगाऊ रक्कम मिळे तिचा हेतू घोडा व त्याचे सामान चाकरीस योग्य करणे हा होता. केवळ नाल ठोकल्याने ते होत नाही. भराव नव्याने बसविणे हेही त्यातच आले.

उलट पाठ वितळल्यावर काय होते ते पानिपतावर दिसले असले पाहिजे. 1760 च्या हिवाळ्यात रसद तुटल्यानंतर सदाशिवरावभाऊंच्या छावणीतील घोड्यांची उपासमार झाली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी तीच अशक्त जनावरे रणात उतरविण्यात आली. उपाशी घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस प्रथम जाते आणि कणा धारेसारखा वर येतो. अशा पाठीवर कोणतेही खोगीर नीट बसत नाही. पराभवाची कारणे अनेक आहेत व थोर इतिहासकारांनी त्यांचा ऊहापोह केलेला आहे; त्यांत या एका कारणाची नोंद घोड्याच्या बाजूने केली पाहिजे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

स्त्रियांच्या अश्वारोहणाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई ग्वाल्हेरीहून निघाल्यानंतर 1835 मध्ये फतेगडास असताना फॅनी पार्क्स नावाच्या इंग्रज बाई त्यांच्या परिवारात जात येत. त्या स्वतः एका बाजूला पाय घेऊन इंग्रजी जिनावर बसत. बायजाबाईंच्या परिवारातील स्त्रियांना ती बैठक चमत्कारिक वाटली. पुढे मराठी वेष करून व मराठी पद्धतीने दोन्ही बाजूंस पाय टाकून बसल्यावर ही बैठक किती सुरक्षित आहे याची पार्क्सबाईंना खात्री पटली, आणि तसे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात मोकळेपणाने लिहिले. एका बाजूचा भार घोड्याच्या पाठीलाही असमान पडतो, आणि रुंद पाठीवर जीन फिरण्याची भीती त्याने दुणावते. तेव्हा मराठी स्त्रियांची रीत घोडा व स्वार या दोघांनाही हितकर होती.

खोगीर घडविण्याचे हे सारे शिल्प पोशिंदा हरपला तसे क्षीण झाले. पागा मोडल्या, शिलेदार शेतीकडे वळले, इंग्रजी पलटणींना कानपूरच्या कारखान्यांतून ठराविक मापाची जिने मिळू लागली, आणि जिने घडविणाऱ्या पुण्याच्या जिनगरांनी धातूचे ओतकाम, मूर्ती, चित्रे व लाकडावरील कोरीवकाम यांत आपले कसब वळविले. ज्या जातीच्या हातांत इतकी विविध कौशल्ये होती तिने उपजीविका शोधली यात नवल नाही. पण पाठीवर हात फिरवून भराव ठरविण्याची विद्या कागदावर कधी उतरली नव्हती, ती पुष्कळ अंशी लयास गेली. 1913 च्या सुमारास नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली आणि सौसर-लोधीखेड्याकडील मालाला तट्टांची तेवढी आवश्यकता उरली नाही.

तथापि भीमथडी घोड्याची जात नष्ट झालेली नाही. पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील मेंढपाळ धनगर आजही आपला संसार, करडू-कोकरे आणि कधी लहान मूलही तिच्याच पाठीवर घालून चराईसाठी मजल दरमजल जातात, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. या मान्यतेनंतर हौसेने भीमथडी पाळणारे लोक वाढतील, आणि ते बाजारातील जिने आणतील. ती बहुधा उंच, अरुंद पाठीच्या घोड्यांच्या मापाची असतील. अशा खरेदीदाराने आधी घोड्याला सपाट जमिनीवर चारही पायांवर समान उभे करावे आणि शिशाची मऊ पट्टी अथवा वाकणारी तार खांद्याच्या फऱ्यामागे, पाठीच्या मध्यावर व शेवटच्या फासळीजवळ अशी तीन ठिकाणी पाठीवरून दाबून तिचा आकार कागदावर उतरवून घ्यावा. तो कागद घेऊनच जीन निवडावे. जीन प्रथम खालच्या कापडावाचून, नुसते पाठीवर ठेवून पाहावे. त्याचा पुढचा व मागचा भाग हाताने आळीपाळीने दाबला असता ते डुलू नये, कण्यावरून मागपर्यंत उजेड दिसावा, आणि तंग कोपरापासून चार बोटे मागे बसावा. मग स्वारी करून उतरल्यावर घाम पाहावा. गादीखाली सर्वत्र सारखी ओल असेल तर भार सारखा पडला आहे; ओलीमध्ये एखादा कोरडा डाग असेल तर तेथे दाब अधिक आहे, आणि तो तसाच राहू दिल्यास त्या जागी पुढे गाठ, मग जखम व अखेर पांढरे केस येतात. तट्टू विकत घेताना जुने जाणते लोक म्हणूनच प्रथम दात न पाहता पाठीवरचे पांढरे केस पाहतात.