धोंडोपंत आणि धोंड्या

धोंडू, दगडू, कचरू, केरबा, भिकू, उकिर्डा. ही नावे आता बारशाला ऐकू येत नाहीत. कानावर पडलीच तर 'टाईमपास' (2014) या चित्रपटातल्या दगडू परबासारखी, हशा पिकवायला. ती गेली कुठे याची कुणाला फिकीर नाही. आली कुठून याविषयी मात्र सुशिक्षितांत बऱ्यापैकी एकमत आहे. मनुस्मृतीने शूद्राचे नाव किळस यावी असे ठेवायला सांगितले, वरच्या जातींनी ती नावे खालच्यांवर लादली आणि त्यांनी ती निमूटपणे पिढ्यान्‌पिढ्या वागवली, असे हे मत. त्याला आधार नाही असे नाही. दुसऱ्या अध्यायातल्या 31 व्या श्लोकात ब्राह्मणासाठी मंगल, क्षत्रियासाठी बलवाचक, वैश्यासाठी धनवाचक आणि शूद्रासाठी जुगुप्सित नावाचा विधी खरोखरच आहे. पण ग्रंथात विधी आहे म्हणून तो महाराष्ट्राने पाळलाच, हे कशावरून?

नावेच तपासून पाहू. महर्षी कर्वे हे धोंडो केशव, जातीने कोकणस्थ ब्राह्मण. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी ज्यांच्यावर एक लाखाचे इनाम लावले, त्या नानासाहेब पेशव्यांना सरकारी कागद 'नाना धोंडू पंत' म्हणतात. म्हणजे प्रत्यक्ष पेशव्यांच्या वारसाच्या नावात धोंडा! पुण्यातल्या ज्या गणपतीपुढे आज रांगा लागतात तो दगडूशेठांचा, आणि हे हलवाई चांगले सधन गृहस्थ होते. विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणजे विष्णु भिकाजी गोखले. महानुभाव साहित्याचे संशोधक कोलते, तेही विष्णु भिकाजीच. एक कोकणातले, एक वऱ्हाडातले, आणि दोघांचेही वडील भिकाजी. आणखी मागे जायचे तर ऐतरेय ब्राह्मणातला अजीगर्त ऋषी पाहा. त्याच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिघांच्याही वाट्याला कुत्र्याची शेपटी! मंगल नावाचा नियम ऋषींच्या घरातही चालत नव्हता, असे म्हणायला हरकत नाही.

यावर काही जण दुसरी पळवाट काढतात. धोंडो म्हणजे काशीच्या धुंडिराज गणपतीचाच अपभ्रंश, असे ते सांगतात. धुंडिराज हे वेगळे नाव आहे आणि ते अखंड चालत आले आहे. दादासाहेब फाळके धुंडिराज होते, त्यांना कुणी धोंडो केले नाही. शिवाय ही व्युत्पत्ती एकट्या धोंडोला देवळात नेऊन बसवते. दगडू, केरबा आणि भिकूचे काय करायचे? जे स्पष्टीकरण सबंध कुळाला लागू पडत नाही, ते एका भावंडाला लावण्यात अर्थ नाही.

खरे कारण जुन्या बायकांना पाठ होते. मूल 'जगत नाही' म्हणून असे नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. दोन-तीन पाळणे रिकामे झालेल्या घरात पुढचे मूल आले की त्याला देखणे नाव देऊन दृष्ट लावून घ्यायची कुणाची छाती होत नसे. मग त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे, नाहीतर कुणाच्या तरी पदरात टाकून भीक म्हणून परत मागून घ्यायचे. जे टाकाऊ, त्याच्याकडे मृत्यू ढुंकून पाहणार नाही, ही त्यामागची समजूत. दगडाला टिकाऊपणाचा अर्थही चिकटला असावा. (कर्वे 104 वर्षे जगले, नाव लागू पडले म्हणायचे.) आणि हे काही एकट्या मराठी मुलखाचे खूळ नव्हे. बंगालीत तीन कवड्यांना विकत घेतलेला तिनकडी आहे, तेलुगूत उकिरड्याचा पेंटय्या. तमिळमध्ये 'कुप्पै' म्हणजे केर, त्यावरून कुप्पुस्वामी. आणि मद्रासचे थोर संस्कृत पंडित महामहोपाध्याय कुप्पुस्वामी शास्त्री हेच नाव मिरवत होते.

मग अपमान झालाच नाही का? झाला, आणि भरपूर झाला. पण तो नावात नव्हता, नावाच्या शेपटात होता. ब्राह्मणाचा तो धोंडोपंत, व्यापाऱ्याचा दगडूशेठ, महाराचा धोंड्या आणि दगड्या. मनुस्मृतीचे दाखले देणारे 31 व्या श्लोकापाशी थांबतात. पुढचा 32 वा वाचत नाहीत. त्यात नावाला काय जोडावे ते सांगितले आहे: ब्राह्मणाला शर्म, क्षत्रियाला रक्षण, वैश्याला पुष्टी आणि शूद्राला दास्य दाखवणारे पद. महाराष्ट्राने पहिला श्लोक धाब्यावर बसवला आणि दुसरा मराठी प्रत्ययांत तंतोतंत पाळला. याचा पुरावा दया पवारांच्या 'बलुतं' (1978) मध्ये आहे. पवारांचे मूळ नाव दगडू. महारवाड्यात गौतमसारखे सुंदर नाव ठेवले तरी गाव त्याचा गवत्या करी, हे त्यांनीच नोंदवले आहे. नाव बदलून सुटका होत नव्हती, कारण दोष नावाचा नव्हताच.

मुलींच्या 'नकुशी'ला मात्र या रांगेत बसवू नये. धोंडू हे नाव मूल हवे होते म्हणून. नकुशी हे मुलगी नको होती म्हणून. सातारा जिल्ह्यात 2011 साली 200 हून अधिक नकुशींची नावे समारंभाने बदलली गेली, ते योग्यच झाले. धोंडूसाठी तसला समारंभ कुणी करण्याचे कारण नाही.

ही नावे शिक्षणाने मारली, असे सांगतात. शिक्षणाचा हात होताच, पण मोठा वाटा लस, स्वच्छ पाणी आणि सुईणीच्या जागी आलेल्या प्रशिक्षित परिचारिकेचा. 2020 च्या आकडेवारीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी 16 वर आला आहे. भीती ओसरली तशी ढालीची गरज संपली. आता आई-बाप 'शांत' अशा अर्थाने मुलाचे नाव आरव ठेवतात. संस्कृतात आरव म्हणजे ओरडा, गलका. तेव्हा अडाणी कोण, हा प्रश्न जरा जपूनच विचारलेला बरा.

आपल्या वंशावळीत एखादा भिकाजी किंवा दगडू सापडला तर वाचकांनी त्याला लाजून भास्कर किंवा दिगंबर करू नये. त्याच्या आधी त्या घरात किती मुले जन्मली आणि किती गेली, हे घरातल्या वयोवृद्धांना विचारावे आणि नावाशेजारी लिहून ठेवावे.