ऐलमा पैलमा

भोंडल्याच्या आरंभी म्हटले जाणारे मराठी लोकगीत. आश्विन महिन्यात, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, पाटावर धान्याने वा रांगोळीने हत्तीचे चित्र काढून त्याभोवती मुली फेर धरतात आणि या गीताने गणेशाला नमन करून खेळाला सुरुवात करतात. याच खेळाला सांगली-कोल्हापूरकडे हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात त्याच्याशी नाते सांगणारा भुलाबाईचा उत्सव असतो.

‘ऐल’ म्हणजे अलीकडचा आणि ‘पैल’ म्हणजे पलीकडचा. ऐलतीर-पैलतीर या जोडीत हे शब्द आजही टिकून आहेत. त्यांना जोडलेल्या ‘मा’ला ओढूनताणून अर्थ देण्यापेक्षा ते फेराच्या ठेक्याचे अक्षर मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ऐल म्हणजे माहेर आणि पैल म्हणजे सासर असा अर्थही लावला जातो व तो मोहक आहे. मात्र भोंडल्याच्या इतर गाण्यांत सासर-माहेर जसे उघडपणे येते, तसे ते या गीतात येत नाही.

गीतातला खेळ ‘मांडला’ जातो, कारण डाव, संसार आणि पूजा यांसाठी मराठीत हेच क्रियापद वापरले जाते. तो मांडला जातो वेशीच्या दाराशी, म्हणजे गावकुसाच्या प्रवेशद्वारापाशी, आणि तिथल्या बुरजावर पारवा घुमत असतो. काही पाठांत ‘पारवळ’ असे रूप आढळणारा हा पक्षी रानकबुतर असून, बुरुजांच्या व जुन्या भिंतींच्या कोनाड्यांत तो घरटी करतो. त्याच्या डोळ्यांना दिलेले ‘गुंजावाणी’ हे विशेषण आज अनेकींना निरर्थक वाटते. वास्तविक ‘वाणी’ हा येथे बोलणे या अर्थाचा शब्द नसून ‘सारखा’ या अर्थाचा प्रत्यय आहे आणि गुंज म्हणजे काळा ठिपका असलेली लाल बी. सोनार तिचा वजनासाठी उपयोग करीत. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा होई. पारव्याच्या तांबूस डोळ्यांना याहून नेमकी उपमा क्वचितच सुचली असती.

उत्तरार्धात पाऊस आणि ‘लोंबी’ येते. लोंबी म्हणजे दाण्यांनी भरून खाली झुकलेले भाताचे कणीस. हस्ताचा पाऊस पडतो तेव्हा भात निसवलेले वा पिकू लागलेले असते, त्यामुळे ही कल्पना थेट शेतातून आलेली आहे. त्यानंतर येणारे ‘अतुल्या मतुल्या’ यांसारखे शब्द मात्र केवळ नादासाठी आहेत. मौखिक परंपरेमुळे गावोगावी पाठभेद आढळतात आणि अपरिचित झालेल्या शब्दांच्या जागी ओळखीचे शब्द बसत जातात.

हादग्याच्या जुन्या रीतीत पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी सोळाव्या दिवशी सोळा गाणी होत आणि झाकलेली खिरापत ओळखल्यावर खेळ संपे.