यवनांचीं रक्षणार्थक नांवें आणि भारतीय लेखांतील 'त्रातार'

प्राचीन लेख, नाणीं व हस्तलिखितें यांचा व्यासंग करणारास विशेषनामें हें साधन फार जवळचें वाटतें. वंशावळ जुळवितांना, लेखाचा काळ ठरवितांना किंवा एका भाषेंतील मजकुराचा दुसऱ्या भाषेंतील मजकुराशीं मेळ घालतांना प्रथम नांवांकडेच दृष्टि जाते. परंतु नांवाच्या अर्थावरून इतिहास काढूं लागलें कीं पाय घसरण्याचा संभव फार. नांव, बिरुद आणि भाषांतर हीं तीन निरनिराळीं साधनें आहेत. नांव आईबापांची इच्छा सांगतें. बिरुद राजाचा दावा अथवा प्रजेची कृतज्ञता सांगतें. आणि परभाषेंत झालेलें भाषांतर ही शेजाऱ्याची साक्ष होय. ह्या तिहींचा घोटाळा होऊं नये म्हणून आम्हीं येथें ग्रीकांच्या पुरुषनामांतील एकच वर्ग, म्हणजे ज्यांत रक्षणाचा अर्थ आहे तीं नांवें, विचारास घेतलीं आहेत. हीं नांवें आपल्या देशाच्या लेखांत व नाण्यांवर आलेलीं असल्यामुळें त्यांचा विचार आपणांस परका नाहीं.

ह्या वर्गांतील अग्रगण्य नांव अलेक्सांद्रोस. 'अलेक्सो' या धातूचा अर्थ संकट परतविणें, रक्षण करणें. आणि 'आनेर', षष्ठीचें रूप 'आंद्रोस', म्हणजे पुरुष. 'मनुष्यांचें रक्षण करणारा' असा नांवाचा सरळ अर्थ होतो. संस्कृतज्ञास येथें घरचींच माणसें भेटतात. 'अलेक्सो' व आपला 'रक्ष्' हे धातु एकाच मुळाचे असल्याचें तौलनिक भाषाशास्त्र सांगतें; र आणि ल यांचा अभेद आपल्या वैयाकरणांसही मान्यच आहे. 'आनेर' हा तर आपला 'नृ' होय. तेव्हां ह्या नांवाचें संस्कृत रूप करावयाचें झाल्यास तें 'नररक्ष' असें होईल, आणि अर्थानें 'नृप' हा शब्द त्याचा सख्खा भाऊ ठरेल. क्रियावाचक पद आधीं व कर्म मागाहून, ही जी नांवाची रचना, ती लौकिक संस्कृतांत विरळ झाली. तथापि 'भरद्वाज', 'त्रसद्दस्यु' ह्या वैदिक नामांत ती अद्याप उभी आहे.

हें नांव मोठें जुनें आहे. १९५२ सालीं मायकेल व्हेंट्रिस यांनीं ज्या प्राचीन ग्रीक लिपीचा उलगडा केला, त्या लिपींतील मायसीनी येथील एका मृत्पट्टिकेवर ह्या नांवाचें स्त्रीलिंगी रूप आलें आहे. त्या लिपींत र व ल यांस एकच चिन्हमाला असल्यामुळें तें 'अ-रे-क-स-द-र' असें लिहिलेलें आहे. वाचावयाचें मात्र 'अलेक्सांद्रा'. ही पट्टिका इ. स. पू. १३ व्या शतकांतील. त्याच शतकाच्या आरंभींच्या काळांत हित्तींचा राजा दुसरा मुवातल्ली यानें विलुसा येथील अलक्सांदु नांवाच्या राजाशीं केलेला तह बोगाझकोय येथील दप्तरांत सांपडला आहे. विलुसा म्हणजे इलियन ऊर्फ ट्रॉय, असें बहुतेक विद्वान् मानतात. आणि होमराच्या काव्यांत ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचें दुसरें नांव अलेक्सांद्रोस हेंच आहे. काव्यांतील पुरुष व तहांतील राजा एकच, असें म्हणण्याची घाई करूं नये. नांव त्या भूमींत त्या काळीं चालू होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

आतां प्रश्न असा कीं, हे अर्थ आपण कोशांतून काढतों, कीं ग्रीकांस स्वतःसही ते जाणवत होते? याचें उत्तर त्यांच्याच ग्रंथांत आहे. अपोलोदोरस याच्या नांवावर चालत आलेल्या पुराणसंग्रहांत अशी कथा आहे कीं, गुराख्यांत वाढलेल्या पॅरिसानें चोरांपासून कळपांचें रक्षण केलें व त्यावरून त्यास अलेक्सांद्रोस हें नांव पडलें. होमराच्या इलियदांतील ६ व्या सर्गांत हेक्टर आपल्या पुत्रास स्कामांद्रियस म्हणे, परंतु इतर लोक त्यास अस्त्यानाक्स म्हणजे 'नगराचा स्वामी' म्हणत, असें सांगून कवीनें कारणही दिलें आहे: नगराचें रक्षण एकटा हेक्टर करीत होता. पित्याचें कर्तृत्व पुत्राच्या नांवांत उतरलें. खुद्द 'हेक्टर' या नांवाचा अर्थ 'धरून ठेवणारा' असा असून, प्लेटोनें आपल्या 'क्रातिलोस' नामक संवादांत पितापुत्रांच्या ह्या दोन नांवांचा अर्थ जवळजवळ एकच असल्याची चर्चा केली आहे. सारांश, नांवाचा अर्थ ग्रीकांच्या कानांस ऐकूं येत होता.

परंतु अर्थ ऐकूं येणें निराळें आणि तो आचरणांत उतरणें निराळें. मकदुनियाच्या राजघराण्यांत रक्षणार्थक नांवांची जणू परंपराच होती. 'अमीनो' म्हणजे परतविणें, बचाव करणें, यावरून झालेलें अमिंतास हें नांव त्या घराण्यांत पुनःपुन्हां येतें. पहिल्या अमिंतासाचा पुत्र पहिला अलेक्सांद्रोस. तिसऱ्या अमिंतासाचे पुत्र दुसरा अलेक्सांद्रोस, पर्दिक्कास व फिलिप्पोस. आणि ह्या फिलिप्पोसाचा पुत्र तिसरा अलेक्सांद्रोस, म्हणजेच आपल्या परिचयाचा शिकंदर. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची चाल तिकडेही होती. बाळाजी विश्वनाथाचा नातू बाळाजी बाजीराव झाला, हें ज्यांच्या नित्य डोळ्यांसमोर आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. पर्दिक्कासाच्या पुत्राचें नांव त्याप्रमाणें अमिंतासच होतें. इ. स. पू. ३३६ मध्यें शिकंदर गादीवर आला आणि लवकरच त्यानें ह्या चुलत भावास ठार करविलें. एका 'रक्षका'नें दुसऱ्या 'रक्षका'चा घात केला! नांवावरून स्वभाव वा कृत्य अनुमानणारास एवढें एक उदाहरण पुरे आहे.

हीं नांवें भारतांत आलीं तेव्हां त्यांचें काय झालें, हें पाहणें आमच्या विषयाचें मुख्य अंग आहे. अशोकाच्या १३ व्या शिलालेखांत पांच यवन राजांचा उल्लेख आहे. त्यांतील शेवटचा शाहबाजगढी येथील पाठांत 'अलिकसुदर' असा आला आहे. हा एपिरसचा अलेक्सांद्रोस कीं कॉरिंथचा, याविषयीं मतभेद आहेत. तो कोणीही असो, लेखकानें नांवाचा ध्वनि तेवढा घेतला, अर्थ घेतला नाहीं. अमिंतास नांवाचा एक यवन राजा इ. स. पू. १ ल्या शतकांत वायव्य भारतांत होऊन गेला. त्याच्या नाण्यांवर खरोष्ठींत 'अमितस' असें षष्ठ्यंत रूप आहे. परतवून लावणारा अमिंतास येथें 'अमित' झाला; म्हणजे आपल्या कानास तो मोजमापापलीकडचा असा कोणी वाटावा! तीच गत अंतियाल्किदास या राजाची. त्याच्या नांवांतील 'अल्के' म्हणजे प्रतिकाराचें बळ, संरक्षण. 'अलेक्सो' याच कुळांतील हा शब्द. बेसनगरच्या लेखांत तो 'अंतलिकित' झाला आहे. उलट दिशेनेंही हेंच घडलें. चंद्रगुप्ताचा 'सांद्रोकोत्तोस' झाला आणि शशिगुप्ताचा 'सिसिकोत्तोस'. 'गुप्त' या शब्दांतील रक्षण ग्रीकांस दिसलें नाहीं. नांव सीमा ओलांडतांना अर्थाचें ओझें मागें टाकून जातें, असा हा साधारण नियम दिसतो.

बिरुदाचें तसें नाहीं. 'सोतेर' म्हणजे तारणारा, रक्षिता. हें मूळचें देवांचें विशेषण. झ्यूस सोतेर हा ग्रीकांत पूजिला जात असे. पुढें तें राजांस लागलें. रोडस बेटाच्या लोकांनीं वेढ्याच्या प्रसंगीं मिळालेल्या साह्याबद्दल पहिल्या टॉलेमीस हें नांव दिलें, असें पॉसानियस सांगतो. भारतांतील यवन राजांपैकीं अपोलोदोतस, मेनांद्रोस, स्त्रातो, हिप्पोस्त्रातस, हर्मायस इत्यादिकांनीं तें धारण केलें, आणि त्यांच्या नाण्यांच्या दुसऱ्या बाजूस खरोष्ठींत त्याचें 'त्रतरस' असें भाषांतर झालें. खरोष्ठींत दीर्घ स्वर दाखविण्याची सोय नसल्यामुळें तें 'त्रातारस' असें वाचावयाचें. 'त्रातृ' शब्दाची संस्कृत षष्ठी 'त्रातुः'; परंतु प्राकृत लेखकानें 'त्रातारम्' इत्यादि रूपांतील अंग घेऊन त्यास अकारान्ताप्रमाणें 'स' लाविला. टांकसाळींतील हें व्याकरण पाणिनीस रुचलें नसतें, पण अर्थ बिनचूक आहे. 'सोतेर' हें कर्तृवाचक नाम. त्यास तृच्प्रत्ययान्त कर्तृवाचक नामच योजिलें. जेम्स प्रिन्सेपनें १८३० नंतरच्या दशकांत खरोष्ठी लिपि वाचण्यास आरंभ केला, तेव्हां चार्ल्स मॅसन यानें नाण्यांवरून ताडून दिलेल्या शब्दांत राजांच्या नांवांबरोबर 'सोतेर' हें बिरुदही होतें. लिपीच्या कुलपाची एक किल्ली ह्या 'त्राता'च्या हातीं होती.

नांव व बिरुद हीं एकमेकांपासून स्वतंत्र असल्याचा पुरावाही ह्याच नाण्यांवर आहे. अमिंतास आणि अंतियाल्किदास यांच्या नांवांतच रक्षण आहे. पण त्यांची बिरुदें विजयाचीं, प्राकृतांत दोघेही 'जयधर'. मेनांद्रोस मात्र 'त्रातार', आणि त्याच्या नाण्यांवर वज्र फेंकणारी जी अथीना आहे, ती मकदुनियांतील पेल्ला येथें पूजिली जाणारी 'अल्किदेमोस' म्हणजे लोकरक्षिणी, असें नाणकशास्त्रज्ञ मानतात.

आतां बेसनगरचा गरुडस्तंभ पाहूं. १८७७ सालीं कनिंगहॅम यांनीं तो पाहिला, परंतु शेंदराच्या जाड थराखालीं अक्षरें झांकलीं होतीं. १९०९ सालीं तो थर निघाला व लेख उजेडांत आला. तक्षशिलेचा राहणारा, दियाचा पुत्र, भागवत हेलिओदोर यानें देवाधिदेव वासुदेवाचा हा ध्वज उभारला. तो अंतलिकित महाराजाकडून काशीपुत्र भागभद्र राजाकडे आलेला यवनदूत होता. लेखांत आपल्या स्वामीस त्यानें नुसतें 'महाराज' म्हटलें आहे, आणि 'त्रातार' हें विशेषण भागभद्रास लाविलें आहे. ब्राह्मी लिपींत दीर्घ स्वर असल्यामुळें येथें 'त्रातारस' असें स्पष्ट वाचतां येतें. ज्याच्या नांवांत संरक्षण तो राजा तक्षशिलेस राहिला, आणि यवनांचें संरक्षणवाचक बिरुद प्राकृत वेषांत विदिशेच्या भारतीय राजास मिळालें! दरबारी शिष्टाचार म्हणून हें सोडून देतां येईल; परंतु यवनांच्या टांकसाळींत घडलेला शब्द पन्नास साठ वर्षांत मध्य हिंदुस्थानच्या राजभाषेंत रुळला होता, ही गोष्ट उरतेच.

राहिला तिसरा प्रकार: यवनानें भारतीय नांव घेणें. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवावा. आपल्या परंपरेंत रक्षणार्थक नांवें दोन प्रकारचीं आहेत. मनुस्मृतीच्या २ ऱ्या अध्यायांत राजाच्या नांवास रक्षणाची जोड असावी असें विधान आहे. 'वर्मन्' म्हणजे चिलखत, तें ह्याच भावनेचें. हा रक्षण करणारांचा पक्ष. दुसरा पक्ष 'गुप्त', 'रक्षित' अशा क्तान्त नांवांचा. तेथें मनुष्य स्वतः रक्षिला जातो, रक्षण करणारा देव, धर्म अथवा संघ असतो. आम्हीं वर पाहिलेलीं ग्रीक नांवें सर्व पहिल्या पक्षाचीं आहेत. म्हणून महावंसाच्या १२ व्या परिच्छेदांतील धर्मप्रसारकांची यादी वाचण्यासारखी आहे. अशोकाच्या काळीं वनवासीस रक्खित, योनदेशास महारक्खित, महारट्ठास महाधम्मरक्खित आणि अपरांतास धम्मरक्खित हे स्थविर धाडले गेले. आणि ह्या शेवटच्यास ग्रंथकारानें स्पष्टपणें 'योन' म्हटलें आहे. अपरांत म्हणजे आपलें कोंकण. 'मनुष्यांचा रक्षक' अशीं नांवें मुलांस ठेवणाऱ्या लोकांपैकीं एक पुरुष 'धर्मानें रक्षिलेला' असें नांव घेऊन आमच्या किनाऱ्यास आला. तें नांव भिक्षुसंघाच्या रिवाजाचें आहे. त्यावरून त्याचें मूळ ग्रीक नांव शोधूं जाणें व्यर्थ होय. पण 'रक्षक' हें पद आईबापांनीं द्यावयाचें असतें आणि 'रक्षित' हें पद मनुष्यानें स्वतः पत्करावयाचें असतें, हा फरक त्यावरून चांगला कळतो. कार्ले येथें स्तंभांचें दान देणारे धेनुकाकटाचे यवन सिहधय, धम्म असलींच नांवें सांगतात. नाशिकच्या लेण्यांतील दात्तामित्रीचा योनक इंद्राग्निदत्त हा धम्मदेवाचा पुत्र आहे. लेखांत 'यवन' हा शब्द नसता, तर केवळ नांवांवरून ह्यांस कोणीही यवन म्हटलें नसतें.

अलेक्सांद्रोस हें नांव पुढें दक्षिणेंत पुन्हां आलें, तें अरबी फारसीच्या वाटेनें. आरंभींचें 'अल्' हें अरबी उपपद समजून गळालें, 'क्स' याचा 'स्क' झाला, आणि 'इस्कंदर', 'सिकंदर' अशीं रूपें झालीं. गळालेलें अक्षर रक्षणवाचक धातूचेंच होतें. १६७२ मध्यें विजापूरच्या तख्तावर बसलेला बालराजा सिकंदर आदिलशहा १६८६ मध्यें औरंगजेबास शरण गेला व ती बादशाही संपली. त्या कागदपत्रांत 'सिकंदर' वाचतांना कोणास रक्षणाची आठवण होत नाहीं, व होऊंही नये.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, नाण्याची अथवा लेखाची टिपणी करतांना व्यक्तीचें नांव, तिचें बिरुद आणि त्या बिरुदाचें भाषांतर हीं वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीं, आणि प्रत्येकाचें रूप मुळांत असेल तसेंच, षष्ठीचा प्रत्ययही न गाळतां, उतरून घ्यावें. 'त्रतरस' यांतील शेवटचा 'स' कोणी व्यर्थ समजून गाळला असता, तर टांकसाळींतील तें प्राकृत व्याकरण आज आपणांस दिसलें नसतें.