यकृताच्या कर्करोगावरील संयुक्त उपचारपद्धतीचा विकास : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यकृताच्या कर्करोगाचा इतिहास मात्र एका शोधाचा नसून अनेक शाखा एकत्र येण्याचा आहे. शल्यचिकित्सक, यकृततज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ यांनी एकाच रुग्णाचा एकत्रित विचार करणे ही कल्पना कशी रुजली व तिचा लाभ जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावापर्यंत पोहोचण्यात कोणते टप्पे आले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

एका अवयवातील दोन व्याधी :
हा कर्करोग बहुतांश रुग्णांमध्ये आधीच दुबळ्या झालेल्या यकृतात उद्भवतो. हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, मद्यपान आणि मेदयुक्त यकृत यांमुळे सिऱ्होसिस होतो व त्यातून पुढे गाठ निर्माण होते. गाठ काढल्यानंतर उरलेले यकृत पुरेल काय, हा प्रश्न म्हणूनच गाठीइतकाच महत्त्वाचा ठरतो. क्लोद कुइनो यांनी 1957 मध्ये यकृताची आठ खंडांत मांडणी केल्यावर शस्त्रक्रियेस शास्त्रीय पाया मिळाला. परंतु सिऱ्होसिसच्या रुग्णांत केवळ शस्त्रक्रियेच्या मर्यादा लवकरच स्पष्ट झाल्या.

शाखांचे एकत्र येणे :
निरोगी यकृतास सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, तर गाठीचे पोषण प्रामुख्याने यकृत रोहिणीतून होते. या भेदाचा उपयोग क्ष-किरणतज्ज्ञांनी केला. रोहिणीत नळी सरकवून गाठीपर्यंत औषध पोहोचवायचे व तिचा रक्तपुरवठा रोखायचा, ही ‘टेस’ नावाने ओळखली जाणारी पद्धत जपान व युरोपात विकसित झाली. बार्सिलोना व हाँगकाँग येथील 2002 च्या अभ्यासांनी निवडक रुग्णांचे आयुष्य तिने वाढते हे दाखविले.

दुसरी वाट प्रत्यारोपणाची होती. थॉमस स्टार्झल यांनी 1963 मध्ये मानवी यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. मिलान येथील विन्सेंझो मॅझाफेरो व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये निकष मांडले : पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, अथवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी. अशा 48 रुग्णांपैकी सुमारे 75 टक्के रुग्ण चार वर्षांनंतरही हयात होते. प्रत्यारोपणाने गाठ व सिऱ्होसिस या दोन्ही व्याधी एकाच वेळी दूर होतात. यकृत मिळेपर्यंत ‘टेस’ने गाठ आटोक्यात ठेवण्याची प्रथाही पडली. येथे एका शाखेचा उपचार दुसऱ्या शाखेच्या उपचाराची पूर्वतयारी ठरला.

महाराष्ट्रातील वाटचाल :
मुंबईत 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. पुढील काळात तेथे अवयवनिहाय रोग-व्यवस्थापन गट निर्माण झाले आणि निर्णय एका डॉक्टरऐवजी गटाने घेण्याची पद्धत स्थिरावली. भाभा अणुसंशोधन केंद्राने यकृतातील गाठीसाठी इट्रियम-90 युक्त सूक्ष्म काचगोलक देशातच विकसित केले, हे या संस्थात्मक सान्निध्याचे फलित म्हणता येईल. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 मध्ये संमत झाला. त्यामुळे प्रत्यारोपणास कायदेशीर चौकट लाभली.

औषधाची किंमत व मुंबईतील निर्णय :
सोराफेनिब या औषधामुळे प्रगत अवस्थेतील रुग्णांचे आयुष्य काही महिन्यांनी वाढते, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सिद्ध झाले. तथापि भारतात बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपये होता. 9 मार्च 2012 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीस देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला. या औषधाची किंमत दरमहा 8,880 रुपये ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये बायरची याचिका फेटाळली. उपचार उपलब्ध असणे आणि तो रुग्णास परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने अधोरेखित केले. तज्ज्ञांच्या गटाने योजलेला उपचार औषधाच्या किमतीपाशी थांबत असेल, तर त्या गटाच्या एकमतास अर्थ उरत नाही.

मराठवाड्याचा संदर्भ :
औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 2012 मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली व 2013 मध्ये राज्यभर लागू झाली. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग ग्रिडही 2012 मध्येच उभे राहिले. मुंबईतील तज्ज्ञांचे मत दूरच्या रुग्णालयास मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

मात्र टेंभुर्णीच्या शेतकरी वा मजूर रुग्णाच्या दृष्टीने पाहता, शाखांचा समन्वय हा अंतर, रोजगार बुडणे आणि वारंवार कराव्या लागणाऱ्या प्रवासाचाही प्रश्न आहे. ‘टेस’ अनेकदा पुन्हा करावी लागते. एक फेरी चुकली, तर गाठ निकषांच्या पलीकडे जाण्याचा धोका असतो.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते, की या रोगाच्या उपचारात निर्णायक बदल एखाद्या एकट्या औषधाने झाला नाही. शाखा, कायदा व शासकीय योजना यांच्या जुळणीने तो झाला. या साखळीची पहिली कडी ग्रामीण भागातच आहे. हिपॅटायटिस बी ची लस 2011 मध्ये देशव्यापी लसीकरणाच्या कक्षेत आली. नवजात बालकास ही लस वेळेवर मिळणे, विषाणूबाधितांचा शोध घेणे आणि सिऱ्होसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करणे ही कामे गावाजवळच्या आरोग्ययंत्रणेच्या आवाक्यातील आहेत. गाठ लहान असताना सापडली, तरच पुढील तज्ज्ञांसमोर अनेक पर्याय उरतात. संयुक्त उपचाराचा आरंभ म्हणूनच महानगरातील बैठकीत नव्हे, तर तालुक्याच्या दवाखान्यात व्हावयास हवा.