नान्सीची सहल आणि चांद्याचं जंगल

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, जंगलाच्या इतिहासात एक वाक्य सर्रास भेटतं: इंग्रजांनी जर्मन वनशास्त्र आणलं आणि आदिवासींचं जंगल हिरावून घेतलं. यातला उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध मात्र तपासून घ्यायला हवा, कारण त्यात गुन्हा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असा प्रकार झाला आहे. 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झालेले डीट्रिश ब्रांडिस मूळचे बॉनचे. त्यांच्यामागून आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. त्या वेळी खुद्द इंग्लंडात वनविद्येची शाळा नव्हती, म्हणून 1867 पासून वनखात्यासाठी निवडलेल्या तरुणांना फ्रान्स आणि जर्मनीत धाडायला सुरुवात झाली. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने त्यात खंड पडला, पण पुढे फ्रान्समधलं नान्सी हेच त्यांचं मुख्य ठिकाण झालं. 1885 मध्ये कूपर्स हिलच्या कॉलेजात वनविद्येचा वर्ग निघाला, तरी प्रत्यक्ष शिक्षणासाठी विद्यार्थ्यांच्या तुकड्या युरोपातल्या जंगलांतून फिरवल्या जातच राहिल्या. निवृत्तीनंतर काही वर्षं या सहली स्वतः ब्रांडिस नेत. 1890 च्या सहलीत गिफर्ड पिंचो नावाचा एक अमेरिकन तरुणही होता. तोच पुढे अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला.

या सहलींत शिकायचं काय, तर जंगलाचा हिशेब. जंगलाचे कक्ष पाडायचे, झाडांचे घेर मोजायचे, वर्षाला लाकूड किती वाढतं ते काढायचं आणि तेवढंच तोडायचं. वरवर पाहता ही साधी गोष्ट, पण 1860 च्या आसपास मध्य प्रांतात रेल्वेच्या स्लीपरांसाठी ठेकेदार उत्तम साग निवडून निवडून पाडत होते, तेव्हा हा हिशेब मांडणारं कोणी नव्हतं. मध्य प्रांताचे पहिले वनसंरक्षक कर्नल पिअरसन यांनी होशंगाबादेतल्या बोरीच्या जंगलात वणवा रोखण्याचा प्रयोग केला आणि पुढे हेच पिअरसन नान्सीत इंग्रज विद्यार्थ्यांचे पालक-अधिकारी झाले. तेव्हा नान्सी आणि चांदा यांच्यामध्ये केवळ पुस्तकी नातं नव्हतं. आजही आलापल्लीच्या जंगलात कूप आखला जातो, तोडायच्या झाडावर मार्किंगचा हातोडा पडतो, दर काही वर्षांनी कार्य आयोजना, म्हणजे तोडीचा आणि जोपासनेचा आराखडा, नव्याने लिहिली जाते. बल्लारशाच्या डेपोतला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, त्याच्या मागे हा दीडशे वर्षांचा हिशेब आहे. ही जमेची बाजू नाकारण्यात हशील नाही.

पण युरोपात पाहण्यासारखं एवढंच नव्हतं. फ्रान्समध्ये मोठमोठी जंगलं कम्यूनच्या, म्हणजे गावाच्या मालकीची होती. 1827 च्या वनकायद्याने त्यांची देखरेख सरकारी वनाधिकाऱ्याकडे दिली, पण मालकी आणि लाकडाचं उत्पन्न गावाकडेच राहिलं. त्याच कायद्याने चराई आणि सरपणावर बंधनं आणली, तेव्हा आरिएज भागातले शेतकरी बायकांचे वेष घालून वनरक्षकांवर चालून गेले होते. हे बंड 1829 पासून दोन-तीन वर्षं धुमसत होतं. म्हणजे नान्सीच्या वर्गात शिकवला जाणारा कायदा गावकऱ्यांशी भांडत भांडतच रुळला होता. स्वित्झर्लंडातलं झिलवाल्डचं जंगल तर झ्युरिक शहराच्या मालकीचं होतं. शास्त्रशुद्ध तोड, स्वतःची लाकूडगिरणी आणि नफा शहराच्या तिजोरीत. ब्रांडिसनी पिंचोला मुद्दाम तिथे राहायला पाठवलं, यावरून त्यांना काय दाखवायचं होतं ते उघड आहे. हिंदुस्थानातही गावांना स्वतःची जंगलं द्यावीत, असा आग्रह ब्रांडिस धरत राहिले.

तो मोडून काढला बेडन-पॉवेल यांनी. हे गृहस्थ पंजाबातले मुलकी अधिकारी. त्यांचा युक्तिवाद असा की, जंगल पूर्वीपासून राजाचंच, गावकरी वापरत आले ती निव्वळ सवलत, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. 1878 च्या वनकायद्यावर या विचाराची छाप पडली. ग्रामवनांचं प्रकरण त्यात उरलं खरं, पण ते बहुतेक कागदावरच. चांद्याच्या गोंड-माडियांच्या वाट्याला आला तो निस्तार, म्हणजे ठरावीक सरपण, बांबू, चराई, तेही खात्याच्या मर्जीवर. फिरत्या शेतीवर बंदी आली आणि खात्याला मजूर हवेत म्हणून वनग्रामं वसवली गेली. हे सगळं मुलकी कारभाराच्या डोक्यातून निघालं. जर्मन वनशास्त्राने त्याला हत्यारं पुरवली, एवढंच.

यावर कोणी म्हणेल, रेल्वेला लाकूड आणि सरकारला महसूल हवाच होता, ब्रांडिसचं ऐकलं असतं तरी फरक काय पडणार होता? सरकारची भूक खरी, पण भूक असली म्हणून पूर्ण मालकी घेणं भाग पडतं असं नाही. फ्रेंच सरकारलाही लाकूड हवंच होतं, तरी त्याने कम्यूनची मालकी बुडवली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: झ्युरिकची नगरपालिका कुठे आणि भामरागडचा माडिया पाडा कुठे? लिहिता-वाचता न येणाऱ्या गावाने कार्य आयोजना कशी चालवायची? पण फ्रेंच गावंही ती स्वतः चालवत नव्हती. तिथे आयोजना सरकारी वनाधिकारी करी आणि पैसा गावाला मिळे. ही मधली वाट चांद्यात एखाद्या जमीनदारीत तरी चोखाळून पाहायला हरकत नव्हती. तशी ती कुणी धरली नाही. सहलीत लाकडाचा हिशेब आणि गावाची मालकी या दोन्ही गोष्टी पाहिलेल्या माणसाला नोकरीत मात्र फक्त हिशेबाचा जाब विचारला जाई, आणि जाब ज्याचा द्यावा लागतो तेच माणूस ध्यानात ठेवतो.

स्वातंत्र्याने या रचनेत फारसा बदल केला नाही. बल्लारपूरला 1945 मध्ये निघालेल्या कागद कारखान्याला इथल्या जंगलातला बांबू मिळत राहिला आणि बांबूवर पोट असणारा बुरूड खात्याच्या दारात उभा राहिला. फरक पडला तो 2006 च्या वनहक्क कायद्याने. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने या गावाने आधीच अभ्यासगट चालवले होते, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावली होती. तरीही खातं बांबू विकू देईना, कारण 1927 च्या वनकायद्यात बांबू झाडांत मोडत होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मेंढा अपवाद आहे, असं म्हणून हा दाखला बाजूला सारता येतो, आणि हक्क मिळालेल्या सगळ्याच ग्रामसभा त्या तयारीच्या नाहीत हेही खरं. पण खात्याने तरी नान्सीहून आलेला हिशेब पहिल्याच दिवशी बिनचूक कुठे मांडला होता? त्याला चुका करायला कैक दशकं मिळाली. ग्रामसभांना हक्क मिळून अजून दोन दशकंही झालेली नाहीत, आणि त्यांच्याकडून पहिल्याच तोडीचा चोख ताळेबंद मागितला जातो.